बंद दाराआडचे युद्ध : 'हिरोज' आणि चाहत्याचा अपेक्षाभंग

आस्वादप्रक्रियेची चर्चा करताना समीक्षेने तन्मयतेचा आणि आनंदाचा विचार जितक्या बारकाईने केला आहे, तितक्या बारकाईने अपेक्षाभंगाचा केलेला नाही. कलाकृती फसली, असे म्हणून समीक्षक मोकळा होतो. परंतु ज्याने त्या कलाकृतीवर जीव लावला, आठवड्यामागून आठवडे तिची वाट पाहिली, त्याच्या पदरी नेमके काय पडते हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. त्यातही ती कलाकृती दूरचित्रवाणीवरील मालिका असेल आणि मालिका अतिमानवी शक्ती लाभलेल्या माणसांची असेल, तर तिच्या चाहत्याची निराशा विचारात घेण्याजोगी मानलीच जात नाही. मारामारी मनासारखी झाली नाही म्हणून रुसलेला पोरकट प्रेक्षक, अशी त्याची संभावना होते. वस्तुतः या रुसव्याच्या तळाशी पुष्कळदा एक काव्यशास्त्रीय निवाडा असतो. तो निवाडा चाहत्याला परिभाषेत मांडता येत नाही इतकेच. आणि ती परिभाषा ज्यांच्याजवळ आहे त्यांना त्याचे म्हणणे ऐकण्याची गरज वाटत नाही.

या दृष्टीने टिम क्रिंग यांची 'हिरोज' ही अमेरिकन मालिका एखाद्या प्रयोगशाळेसारखी आहे. एन.बी.सी. या वाहिनीवर २५ सप्टेंबर २००६ रोजी ती सुरू झाली आणि ८ फेब्रुवारी २०१० रोजी, चौथ्या पर्वाच्या अखेरीस, संपली. पहिला भाग अमेरिकेत सुमारे १ कोटी ४० लाख प्रेक्षकांनी पाहिला. शेवटच्या भागापर्यंत ही संख्या पन्नास लाखांच्याही खाली आली. हे आकडे व्यवसायाच्या इतिहासात नोंदले जातील. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते असे की, या मालिकेच्या चाहत्याची निराशा तिच्या सामान्य भागांविषयी नव्हतीच. ती होती तिच्या शिखरभागांविषयी : ज्यांच्याकडे कथानक महिनोन्‌महिने चढत जाते, ज्यांची आगाऊ जाहिरात होते आणि जिथे सगळी देणी फिटतील असे वाटते, अशा भागांविषयी.

१

अतिमानवी कृत्यांवर प्रेक्षक विश्वास कसा ठेवतो, हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राला नवा नाही. रसास्वादातील सात विघ्ने सांगताना अभिनवगुप्ताने पहिले स्थान दिले आहे ते संभावनाविरहाला, म्हणजे जे समोर घडते आहे ते संभवनीयच न वाटण्याला. जो प्रेक्षक 'हे कसे शक्य आहे?' असे विचारीत बसला, त्याचे चित्त विषयात स्थिरावत नाही. यावर अभिनवगुप्ताने सुचविलेला उपाय मार्मिक आहे. लोकोत्तर कृत्ये दाखवायची असतील तर रामादिकांसारखी प्रख्यात नावे घ्यावीत; कारण त्यांच्याविषयीची श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या दृढ झालेली असते, आणि ती श्रद्धाच अशक्याला शक्यतेचे रूप देते.

अमेरिकन लोकप्रिय संस्कृतीत हे प्रख्यातत्व 'सुपरमॅन'ला लाभले आहे. १९३८ पासून चित्रकथांतून, चित्रपटांतून ही व्यक्तिरेखा तिथल्या मनात रुजली आहे. तिच्या तारुण्यावर आधारलेली 'स्मॉलव्हिल' ही मालिका २००१ ते २०११ अशी दहा पर्वे चालली. तिचा शेवट कुणालाच अज्ञात नव्हता : क्लार्क हा तरुण एके दिवशी तो पोशाख अंगावर चढवणार आणि उडणार. प्रेक्षक दहा वर्षे थांबला तो या ज्ञात क्षणासाठी. १३ मे २०११ रोजी तो क्षण आला तेव्हा पोशाखातील नायक एक तर चेहऱ्यापुरता जवळून दिसला किंवा संगणकाने रेखाटलेल्या दूरच्या आकृतीत. अभिनेता त्या वेषात पूर्णपणे कधी उभा राहिलाच नाही. चाहते हिरमुसले. परंतु ही निराशा ठरलेल्या विधीत न्यून राहिल्याची होती. देवाची मूर्ती नीट दिसली नाही म्हणून भक्ताची श्रद्धा ढळत नाही.

'हिरोज'ची अडचण याहून वेगळी आणि अधिक मूलगामी होती. जुन्या परिभाषेत सांगायचे तर तिचे कथानक प्रख्यात नव्हते, उत्पाद्य होते. पीटर हा न्यूयॉर्कमधील परिचारक, हिरो नाकामुरा हा टोकियोतील कार्यालयीन कर्मचारी, क्लेअर ही टेक्सासमधील ओडेसा गावची शाळकरी मुलगी, आणि मोहिंदर सुरेश हा चेन्नईचा जनुकशास्त्रज्ञ, यांपैकी कुणाच्याही मागे पूर्वकथेचे पाठबळ नव्हते. एक जण उडतो, दुसरा काळ थांबवतो, तिसरीच्या जखमा आपोआप भरून येतात, यावर विश्वास बसावा यासाठी मालिकेजवळ एकच साधन होते : तिची स्वतःची संहिता. विश्वास उसना मिळणार नव्हता, तो भागाभागाने कमवावा लागणार होता. आणि कमावलेला विश्वास गमावताही येतो.

पहिल्या पर्वाने तो उत्तम रीतीने कमावला, हे निराश चाहताही मान्य करतो. किंबहुना तोच सर्वांत आग्रहाने सांगतो. शक्तीचा साक्षात्कार इथे पराक्रमाच्या रूपाने होत नाही, भीतीच्या आणि संकोचाच्या रूपाने होतो. क्लेअर आपल्या अंगची अमरता एखाद्या व्यंगासारखी लपवते. मॅट पार्कमन या पोलिसाला दुसऱ्याच्या मनातले ऐकू येते, आणि त्यामुळे त्याचा संसार सावरण्याऐवजी आणखी अवघड होतो. अद्भुताला सामान्य जीवनाच्या मापात बसवण्याची ही पद्धत संभावनाविरहावरचा खरा उपाय होती.

२

संस्कृत नाट्यशास्त्राने कथानकाच्या पाच संधी मानल्या : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. पहिल्या संधीत पेरलेले बीज मधल्या संधींत दिसते, हरवते, पुन्हा शोधले जाते. आणि निर्वहणात विखुरलेले सारे अर्थ एका फलाशी आणले जातात. 'हिरोज'च्या पहिल्या पर्वाचे बीज दोन रूपांत पेरलेले होते. एक, भविष्य रंगवणाऱ्या आयझॅक मेंडेझच्या चित्रशाळेत जमिनीवर काढलेले, स्फोटात होरपळणाऱ्या न्यूयॉर्कचे चित्र. दुसरे, ती शाळकरी मुलगी वाचली तर जग वाचेल, हा भविष्यातून आलेला निरोप. मालिकेच्या जाहिरातीतही हाच निरोप घोषणेसारखा वापरला गेला.

चित्र हे बीज म्हणून विलक्षण प्रभावी असते, कारण ते स्थिर असते. त्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडणार, हे पाहणाऱ्याला स्वतःच्या मनाने भरावे लागते. संहितेतील रिक्त जागा वाचकाला निर्मितीत सहभागी करून घेतात, असे वोल्फगांग इझर म्हणतो. साप्ताहिक मालिकेत या रिक्त जागांना प्रत्यक्ष कालावधीही असतो. मार्च २००७ च्या आरंभी 'हिरोज'चे प्रक्षेपण थांबले ते २३ एप्रिलला पुन्हा सुरू झाले. मधले सात आठवडे चाहता रिकामा बसला नव्हता. पीटर आणि सायलर हे एकमेकांसमोर ठाकले तर काय होईल, याची त्याने मनात अनेकवार रचना केली. दोघेही इतरांच्या शक्ती आत्मसात करणारे. परंतु पीटर त्या सहवासाने, आत्मीयतेने मिळवतो आणि सायलर माणसांची डोकी फोडून. हा संघर्ष केवळ दोन बलाढ्यांचा नव्हता. दुसऱ्याचे आपल्यात कसे सामावून घ्यावे, याविषयीच्या दोन नीतींचा तो संघर्ष होता. त्यामुळे चाहत्याला युद्ध हवे होते ते नेत्रसुखापुरते नव्हे. या दोन नीतींपैकी कोणती का टिकते, हे त्याला पाहायचे होते.

३० एप्रिल २००७ रोजी प्रक्षेपित झालेल्या 'फाइव्ह इयर्स गॉन' या भागात तो संघर्ष प्रथम आला. स्फोट होऊन गेला आहे, पाच वर्षे उलटली आहेत, आणि सायलर दुसऱ्याच्या रूपात देशाचा राष्ट्राध्यक्ष होऊन बसला आहे. पीटर त्याच्यासमोर उभा राहतो. आणि नेमक्या त्या क्षणी मधली दारे बंद होतात. प्रेक्षकाला दिसतो तो फटींतून उसळणारा प्रकाश. चाहत्याने हे सहन केले, इतकेच नव्हे तर त्याला ते आवडले. कारण हे भविष्य पुसले जाणारे होते. खरे युद्ध अजून व्हायचे होते. बंद दार ही पुढच्या फेडीची हमी होती.

तीन आठवड्यांनी, २१ मे रोजी, पर्वाचा अखेरचा भाग आला. न्यूयॉर्कमधील एका मोकळ्या चौकात सारी पात्रे जमतात. निकी रस्त्याकडेचा पार्किंग मीटर उपटून सायलरला हाणते. पीटर त्याला ठोसे मारतो. हिरो धावत येऊन तलवार खुपसतो. इतक्यात पीटरच्या अंगातील किरणोत्सार अनावर होतो. क्लेअरच्या हाती पिस्तूल आहे, पण तिने ते चालवायच्या आत पीटरचा भाऊ नेथन आकाशातून उतरतो आणि त्याला घेऊन वर झेपावतो. स्फोट आकाशात होतो. शहर वाचते.

या भागाची एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. नेथनला त्या स्फोटाचा राजकीय लाभ होणार होता आणि त्याने तो होऊ देण्याची तयारीही केली होती. अखेरीस त्याने भावाची निवड करणे हे भावनिक पातळीवरचे निर्वहण आहे, आणि ते खोटे वाटत नाही. परंतु चाहता दोन प्रश्न विचारतो. पीटरला स्वतःला उडता येत असताना तो स्वतःच का उडाला नाही? आणि जिला वाचवल्याने जग वाचणार होते, तिच्या हातून प्रत्यक्षात काय घडले? पहिल्या प्रश्नाला उत्तर देता येईल : त्या अवस्थेत पीटरचा शक्तींवर ताबा नव्हता. मात्र हे उत्तर प्रेक्षकाने संहितेच्या वतीने द्यायचे. ते दृश्यातून आपोआप उमटत नाही. अभिनवगुप्ताच्या भाषेत चित्त इथे विषयावरून उठते. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. सायलरला क्लेअरची शक्ती मिळाली असती तर तो अजिंक्य ठरला असता, असा तर्क करता येतो. परंतु बीज आणि फल यांचा संबंध प्रत्यक्ष प्रतीतीचा असावा लागतो. ज्या पात्राभोवती साऱ्या पर्वाचे आश्वासन गुंफले, ते निर्वहणाच्या क्षणी पिस्तूल धरून बाजूला उभे राहते. ॲरिस्टॉटलने 'मीडिया'तील रथाला घेतलेला आक्षेप हाच आहे : उकल कथानकातूनच निघाली पाहिजे, वरून उतरता कामा नये. इथे ती अक्षरशः वरून उतरते.

३

चाहत्याला केवळ भव्यता हवी होती, या समजाला सर्वांत सबळ उत्तर त्याच पर्वात आहे. सतरावा भाग, 'कंपनी मॅन', २६ फेब्रुवारी २००७ रोजी प्रक्षेपित झाला. तो ब्रायन फुलर यांनी लिहिला होता. मालिकेतील सर्वोत्तम भाग कोणता, असे विचारले असता चाहत्यांपैकी पुष्कळ जण आजही त्याचेच नाव घेतात. त्यात न्यूयॉर्क नाही, चौक नाही, पात्रांचा मेळावा नाही. ओडेसातील एक घर आहे. मॅट आणि टेड स्प्रेग हे दोघे क्लेअरच्या कुटुंबाला त्या घरात ओलीस धरतात. एरवी सात-आठ धाग्यांत विभागलेली मालिका इथे एकाच धाग्याला धरून राहते. कृष्णधवल पूर्वदृश्यांतून क्लेअरचा दत्तक पिता नोआ बेनेट याचा भूतकाळ उलगडतो : एका छुप्या संस्थेचा नोकर, मुलगी सोपवली गेली तीही कामाचा भाग म्हणून, आणि नोकरी करता करता बाप होऊन बसलेला माणूस.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टेड स्प्रेग हा किरणोत्सारी आहे. संतापाच्या भरात तो स्फोट पावणार आहे. म्हणजे अखेरच्या भागातील संकट, माणसाचाच बॉम्ब होणे, इथे एका दिवाणखान्यात आधीच उभे राहिले आहे. आणि त्याची उकल क्लेअरच करते. ती पेटलेल्या घरात शिरते, तिची कातडी होरपळून जाते, टेडला ती गुंगीचे औषध टोचते, आणि बाहेर येते तेव्हा सर्वांच्या देखत तिचा देह पुन्हा सांधला जातो. जी शक्ती ती लपवत होती तीच उकलीचे साधन ठरते. बीजातून फल थेट निघते. त्यानंतर बाप मुलीला वाचवण्यासाठी स्वतःवर गोळी झाडायला लावतो आणि स्वतःच्या स्मृती पुसायला लावतो, जेणेकरून तिचा ठावठिकाणा त्याच्याकडून कुणालाही काढून घेता येऊ नये. ओडेसातील त्या घरापुढे न्यूयॉर्कचा चौक लहान वाटतो. शिखरभागाची उंची व्याप्तीने ठरत नाही, एकाग्रतेने ठरते, हे मालिकेला एकदा साधले होते. म्हणूनच पुढे ते न साधणे चाहत्याला अधिक लागले.

४

युद्ध न दाखवणे हा मुळात दोष नव्हे. नाट्यशास्त्राने युद्ध, मरण, नगराचा वेढा अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकादींच्या द्वारे सूचित कराव्यात, असे सांगितले आहे. भासाच्या 'ऊरुभंगा'त भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध रंगमंचावर होत नाही; विष्कंभकातील तीन सैनिक ते पाहतात आणि सांगतात. त्या सांगण्यात युद्धाची भीषणताही आहे आणि त्यावरचे भाष्यही आहे. ग्रीक शोकात्मिकेतील निवेदक दूत हेच काम करतो. दृश्य काढून घेतले तर त्या जागी वाणी आली पाहिजे, हा या दोन्ही परंपरांचा अलिखित करार होय.

'हिरोज'ने दृश्य काढून घेतले आणि त्या जागी काहीच ठेवले नाही. २७ एप्रिल २००९ रोजी, तिसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात, पीटर आणि नेथन हे दोघे भाऊ सायलरवर चालून जातात. पुन्हा दार बंद होते. क्लेअर बाहेर अडकते, आणि तिच्याबरोबर प्रेक्षकही. फटींतून प्रकाश लखलखतो. दोन वर्षांपूर्वी जी युक्ती आश्वासन म्हणून स्वीकारली गेली, तिची ही पुनरावृत्ती आता पळवाट म्हणून उघडी पडली. दूरचित्रवाणीच्या खर्चाच्या मर्यादा खऱ्या असतील. पण क्लेअरजवळ डोळे होते, भाषा होती. ती त्या तीन सैनिकांपैकी एक होऊ शकली असती.

असे का झाले, याचे कारण लेखकांच्या आळसात शोधणे सोपे आहे, पण अपुरे आहे. दर पर्वात नवी माणसे घ्यावीत, असा क्रिंग यांचा मूळ विचार होता, हे त्यांनी नंतर सांगितले आहे. तो अमलात आला असता तर चौकातील शेवट खरोखर शेवट ठरला असता. परंतु पात्रे लोकप्रिय झाली होती. सायलर जिवंत राहिला, कारण प्रेक्षकाला तो हवा होता. आकाशात स्फोट होऊनही दोघे भाऊ परतले, कारण तेही हवे होते. त्याग रद्द झाला की त्याच्या अर्थालाही मागे जाऊन बाधा येते. मग सर्वशक्तिमान पीटर कथानकाला पेलवेना, म्हणून त्याची स्मृती काढून घेतली गेली, पुढे त्याच्या शक्ती. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी नेथन खरोखर मेला, तर त्याच्या जागी सायलरलाच तो नेथन असल्याचे भासवून उभे करण्यात आले. जी मालिका चालूच राहिली पाहिजे तिला निर्वहण परवडत नाही. आणि जिचे शिखरभाग जाहिरातीने गाजवायचे आहेत तिला निर्वहणाचे वचन दिल्यावाचून राहवत नाही. चाहता सापडला आहे तो या कात्रीत. आणि या कात्रीला त्याच्याच प्रेमाने धार दिली, ही यातली दुखरी गोष्ट आहे.

दुसरे पर्व ११ भागांतच आटोपले, कारण नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या काळात अमेरिकेतील पटकथालेखक संपावर होते. त्याच नोव्हेंबरात क्रिंग यांनी एका मुलाखतीत पर्वाची गती मंद झाल्याची आणि हिरोचा जुन्या जपानमधील मुक्काम लांबल्याची जाहीर कबुली दिली. त्या पर्वाच्या शेवटी नेथन पत्रकारांसमोर आपले रहस्य सांगायला उभा राहतो आणि शब्द उच्चारायच्या आत त्याला गोळी लागते. जगाला हे कळले तर काय होईल, हा मालिकेतला सर्वांत मोठा प्रश्न होता. तो असा पुढे ढकलला गेला. ८ फेब्रुवारी २०१० रोजी, अगदी अखेरच्या क्षणांत, क्लेअर पत्रकारांच्या कॅमेऱ्यांसमोर उंच पाळण्यावरून उडी घेते, आपटते आणि उठून उभी राहते. प्रश्नाचे दार अखेरीस उघडले. पुढे काय झाले हे दाखवायला मालिका शिल्लक उरली नव्हती. २०१५-१६ मध्ये 'हिरोज रीबॉर्न' या नावाने १३ भाग आले, पण ते कथा काही वर्षे ओलांडून दुसऱ्याच संकटापासून सुरू झाले.

५

चाहतेपणाच्या अभ्यासाला वळण देणाऱ्या 'टेक्स्चुअल पोचर्स' (१९९२) या ग्रंथात हेन्री जेन्किन्स याने चाहता हा निष्क्रिय ग्राहक नसून संहितेशी झगडणारा वाचक आहे, अशी मांडणी केली. ती मान्य करूनही एक भर घालावी लागते. चाहता झगडतो तो आपली इच्छा संहितेवर लादण्यासाठीच असे नाही. पुष्कळदा तो संहितेलाच तिच्या स्वतःच्या प्रतिज्ञेची आठवण करून देत असतो. 'पीटर स्वतः का उडाला नाही?' हा प्रश्न संभवनीयतेचा आहे. 'मुलीला वाचवल्याने काय झाले?' हा बीज-फलसंबंधाचा आहे. 'दार का बंद केले?' हा दृश्य आणि सूच्य यांच्या औचित्याचा आहे. काव्यशास्त्राच्या वर्गात हेच प्रश्न विद्यार्थ्याने 'मुद्राराक्षसा'विषयी विचारले, तर त्याचे कौतुक होईल.

सहृदयाची कल्पना मांडताना आपल्या परंपरेने तन्मयीभवनाची योग्यता ही त्याची खूण मानली. जो तन्मय होऊ शकतो त्यालाच तन्मयता कुठे तुटली हे अचूक कळते. अलिप्त प्रेक्षकाला ते कळत नाही, कारण त्याचे काही तुटतच नाही. 'हिरोज'च्या निराश चाहत्याजवळ त्या तुटण्याची तारीखवार नोंद आहे. २६ फेब्रुवारीला काय साधले, २१ मेला काय निसटले, हे तो सांगू शकतो, आणि पहिल्या पर्वाकडे परतताना सतराव्या भागाशी रेंगाळतो. समीक्षेने त्याच्याकडून घ्यावे ते इतकेच : निवाड्याची इतकी बारकाई दीर्घ सहवासावाचून येत नाही, आणि तो सहवास त्याने अपेक्षाभंगाची किंमत मोजून मिळवलेला आहे.